चार नंबरची घंटा

साडेदहानंतर पल्स लांबते,
म्हणून सहकारनगरातली माझी रात्र
साडेदहाला सुरू व्हायची.
मोडेम तापकीर गल्लीतला, जुना, बिनपावतीचा.
वर चार दिवे, त्यातला चौथा असून नसल्यासारखा.
लिनक्स एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून चढवलेलं,
बँकेची नोकरी सोडली त्याच महिन्यात.
तेव्हापासून बाबा माझ्याशी
दुधाच्या हिशेबापुरतं बोलत.

रोज तेच.
नंबर फिरे, पलीकडे कुणी उचले,
किंचाळणं, खरखर, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं काही,
मग पडद्यावर ‘कनेक्ट’, पुढे वेगाचा आकडा,
आणि त्यापुढे काही नाही.
तुटत नाही, चालतही नाही.
कर्सरची उघडझाप,
आणि बिल तेवढं पळतंय.

नागपूरच्या प्रेसला भूमितीच्या गाइडची
चौऱ्याण्णव पानं जायची होती.

मी लॉग वाचले, देवाची पोथी वाचावी तसे, खालून वर.
कुलपाची एक फाईल सापडली:
परवा मेलेली कुठलीशी प्रक्रिया
जाताना आतून कडी लावून गेलेली.
रूट होऊन ती पुसली.
पासवर्डच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटली होती, ती काढली.
वेग निम्म्यावर आणला.
स्क्रिप्टमध्ये थांबायचे सेकंद वाढवले,
म्हटलं समोरच्याला घाई होत असेल.
सगळं करून पुन्हा डायल.
कनेक्ट. आणि ती ओळखीची शांतता.

बाबा तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात.
तिसऱ्या रात्री पलीकडच्या खोलीतून
भिंतीला उद्देशून म्हणाले,
“त्याने उचललंय. बोलतोयही तो.
लाइन स्वच्छ आहे.
घोळ घरातच आहे.”

मी उत्तर दिलं नाही.
कपाखालचा कागद ओढताना माऊसला धक्का लागला
आणि पडद्यावर अक्षरं आली.
सहा-सात. मग थांबली.
पुन्हा हलवला, पुन्हा आली.

तेव्हा कळलं.
माऊस आणि मोडेम, दोघांना एकच घंटा दिलेली,
इंटरप्ट नंबर चार.
माऊसने वाजवली की यंत्र दार उघडायचं,
आणि तेव्हाच त्याला दिसायचं
की मागे आणखी कुणी ताटकळत उभं आहे.
एरवी मोडेम वाजवून वाजवून थके,
आत ऐकूच जात नसे.

उपाय सोपा: पेटी उघडायची, जंपर पाचवर न्यायचा.
पण बारीक पेचकस बाबांच्या हत्यारांत,
तो मागावा लागला असता.

मी माऊस फिरवत बसले.
एक वाजला, अकरा पानं गेली.
मनगट भरून आलं.
चपलांचा आवाज झाला, स्टूल सरकलं.
“हो बाजूला. मी फिरवतो, तू आकडे बघ.”
आणि बाबा माऊस फिरवू लागले
गोल गोल, न दमता,
जुन्या फोनचा दांडा फिरवावा तसा.
मध्येच एकदा तोंडातून गेलं, “हां, पुणे बोलतंय,”
मग स्वतःच खाकरले.

पावणेपाचला शेवटचं पान गेलं.
साडेपाचला नागपूरचं उत्तर:
फाईल उघडत नाही, फॉन्ट पाठवा.
बाबांनी ते मोठ्याने वाचलं,
चश्मा पुसला, आणि म्हणाले, “लाव परत.”

रविवारी त्यांनीच पेचकस आणून टेबलावर ठेवला.
जंपर पाचवर गेला.
आता माऊस जागच्या जागी असतो, पानं आपली आपण जातात.
बाबा पुन्हा दुधाच्या हिशेबावर.
परवा विचारलं,
“अर्धा लिटर वाढवायचं का? रात्रीच्या चहाला कमी पडतं.”
मी म्हटलं, वाढवा.